हॅरिएटला कळतं

माझ्या कादंबरीच्या पहिल्या मसुद्यात नायिका हॅरिएट हातमोजे घालतच नव्हती. अर्लची मुलगी, लंडनचा सीझन, म्हणजे उमरावांच्या नाच-मेजवान्यांचा मोसम, ऐन भरात, आणि मी तिला उघड्या हातांनी नाचाच्या दालनात पाठवलं होतं. बरं, तिची सगळी गोष्टच हातांची होती. ती एखाद्या वस्तूला हात लावते आणि ती वस्तू आधी कोणाच्या हातात होती, त्या घडीला त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, ते तिला कळतं. एवढीच कल्पना घेऊन मी २०२१ च्या पावसाळ्यात लिहायला बसले. कादंबरी पुरी व्हायला अडीच वर्षं लागली. ती अडीच वर्षं कशी गेली, ते लिहून ठेवायचं खूप दिवस मनात होतं.

मला या जातीच्या प्रेमकथा मनापासून आवडतात. इंग्लंडातले ड्यूक, अर्ल, त्यांच्या इस्टेटी, ठरवून केलेली आणि मोडलेली लग्नं, आणि त्यातच एखादीला पुढचं दिसतं, एखाद्याला गेलेल्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. कॉलेजात असताना फोर्टातल्या फुटपाथवरून अशी पुस्तकं मी गठ्ठ्यानं आणायची. मराठीत तसं काही लिहावं, आणि नुसती नावं इंग्रजी ठेवून भागवू नये, त्या समाजाच्या आत शिरून लिहावं, ही इच्छा तेव्हापासूनची.

एका संपादकांनी पहिली तीन प्रकरणं वाचून आपुलकीनं सुचवलं की हेच सगळं साताऱ्याकडच्या एखाद्या सरदाराच्या वाड्यात आणा, वाचकाला जवळचं वाटेल. मी आठवडाभर प्रामाणिकपणे विचार केला. पण आमच्या वाड्यात अशी मुलगी निघाली असती तर तिची वाट वेगळी झाली असती. कोणी तिला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं असतं, कोणी देवऋषी बोलावला असता. १८८० नंतरच्या लंडनमध्ये तिच्यासमोर दोन माणसं वही घेऊन बसली असती. एक शास्त्रज्ञ, एक डॉक्टर. १८८२ च्या फेब्रुवारीत तिथे असल्या अनुभवांची शास्त्रीय तपासणी करणारी सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च स्थापन झाली, केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक तिचे पहिले अध्यक्ष. शास्त्रज्ञाच्या वहीत तिची नोंद झाली असती. आणि डॉक्टरच्या वहीत जे लिहिलं गेलं असतं, त्यानं तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकता आलं असतं. माझी गोष्ट या दोन वह्यांमध्ये होती. ती तिथून हलवता येत नव्हती.

हे दुसऱ्या वहीचं मात्र मला तेव्हा सुचलेलं नव्हतं. ते माझ्या आत्यानं दाखवलं.

आत्या सांगलीला असते, वय ८१. मी जे लिहीन ते छापून तिला पाठवायचं, हा आमचा जुना शिरस्ता. नऊ प्रकरणं वाचून तिनं फोन केला. "पोरीला सगळं कळतं, मान्य. वाचायला छान वाटतं. पण घरातलं कुणी तिला वेडी कसं म्हणत नाही गं?"

मी म्हटलं, "तिचे वडील प्रेमळ आहेत, आत्या."

"प्रेमळ माणसंच म्हणतात," ती म्हणाली. मग तिनं मला कधी न सांगितलेली हकिकत सांगितली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिचे मामंजी मुंबईला गेले होते. सकाळी चूल पेटवताना ती जावेला बोलून गेली की मामंजी गेले. दुपारी तार आली. पुढे महिनाभर घरात कुणी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

"नंतर परत कधी तसं कळलं नाही?" मी विचारलं.

"कळलं की. बोलले नाही."

त्या फोननंतर मी नऊच्या नऊ प्रकरणं बाजूला ठेवली. त्यांत हॅरिएटचं कळणं म्हणजे नुसता दागिना होता. तिनं हात लावायचा, गुपित उलगडायचं, सगळ्यांनी थक्क व्हायचं. त्यासाठी तिला काही मोजावं लागत नव्हतं. आत्याच्या प्रश्नानं मला त्या काळचे कायदे वाचायला बसवलं, आणि तिथे माझी जॉर्जिना वेल्डनशी गाठ पडली.

ही बाई खरी. उत्तम गाणारी, हट्टी, आत्म्यांशी संवाद होतो असं मानणारी. नवरा हॅरी वेल्डन कॉलेज ऑफ आर्म्समध्ये अधिकारी होता. उमराव घराण्यांच्या वंशावळी आणि कुलचिन्हं जिथे तपासली जातात, ते हे कार्यालय. दोघं वेगळी राहत होती. नवऱ्याला तिच्या पोटगीचा खर्च जड झाला होता. तेव्हाच्या कायद्यानं माणसाला वेडा ठरवून कोंडायला नातेवाइकाची सही आणि दोन डॉक्टरांचे दाखले पुरत. न्यायाधीशासमोर उभं करायची गरज नव्हती. ती अट १८९० च्या कायद्यानं आली. १८७८ च्या एप्रिलमध्ये एका रविवारी तिच्या घरी अनोळखी पाहुणे आले. खोटी नावं सांगून गप्पा मारायला बसले. ते डॉक्टर होते. तिला तिच्या श्रद्धांबद्दल, दिसणाऱ्या दृश्यांबद्दल गोडीगुलाबीनं विचारत राहिले. ती बिचारी मन मोकळं करून बोलली. पाठोपाठ तिला न्यायला माणसं आणि गाडी आली.

ती सुटली. पायात घरातल्या सपाता, तशीच बाहेर पडली. हुकमाची मुदत सात दिवसांची असे, तेवढे दिवस ती लपून राहिली. तिच्या मदतीला धावून आली ती लुईसा लो. ही एका पाद्र्याची बायको. आपोआप लिहिणाऱ्या हाताची, म्हणजे आपल्या हातून परलोकातले निरोप उमटतात असं मानणारी. त्यापायी १८७० मध्ये तिला कोंडण्यात आलं होतं आणि एकातून दुसऱ्या इस्पितळात फिरवलं होतं. सुटल्यावर तिनं वेडेपणाच्या कायद्यात सुधारणा व्हावी म्हणून संस्था काढली.

वेल्डनला डॉक्टरांवर दावा लावायचा होता, पण लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावानं तसा दावा लावता येत नसे. तिला पाच वर्षं थांबावं लागलं. १ जानेवारी १८८३ पासून विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा नवा कायदा लागू झाला आणि ती कोर्टात उभी राहिली. वकील न घेता, स्वतः, एकामागून एक दावे. जिंकलीही.

हे वाचलं त्या रात्री मी कादंबरीचं साल पक्कं केलं. १८८३. हॅरिएटच्या भोवतीच्या बायकांच्या हातात नुकताच एक हक्क आलेला आहे, आणि तिला मात्र कोंडण्याचा जुना रस्ता अजून उघडा आहे. दोन दाखले, एक सही.

दुसऱ्या वर्षी लंडनला जाणं झालं. माझा भाचा रीडिंगला असतो, त्याच्याकडे दहा दिवस राहिले. त्यातला एक अख्खा दिवस मी टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये काढला. वेल्डन राहायची ते टॅव्हिस्टॉक हाउस आता नाही. तिच्या आधी चार्ल्स डिकन्स तिथे राहत होता, ती वास्तू पाडून त्या जागी डॉक्टरांच्या संघटनेची, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची, मोठी विटकरी इमारत उभी आहे. डॉक्टरांच्या तावडीतून ती जिथून निसटली, तिथेच डॉक्टरांचं मुख्यालय! मी कितीतरी वेळ त्या भिंतीकडे बघत उभी होते. समोरच्या बागेत गांधीजींचा पुतळा आहे, मांडी घालून बसलेला, १९६८ सालचा. त्याच्या पायाशी कोणीतरी झेंडू ठेवले होते. मी जवळच्या बाकावर बसून हॅरिएटच्या पळून जाण्याचं प्रकरण वहीत लिहून काढलं, एका बैठकीत. फक्त सपाता मी वेल्डनच्या ठेवल्या. हॅरिएट रस्त्यावर येते तेव्हा तिला पहिल्यांदा ओल्या फरशीचा गारवा लागतो, आणि त्या फरशीवरून गेलेल्यांचं काहीच कळत नाही, कारण तिचं कळणं तळव्यांतून येतं, तळपायांतून नाही. त्या क्षणी तिला हलकं वाटतं. हे घरी बसून मला सुचलं नसतं.

हातमोजे मात्र घरीच सापडले. त्या काळच्या शिष्टाचाराच्या पुस्तकांतून मी नोंदी काढत होते. नाचात, भेटीला जाताना, चर्चमध्ये, खानदानी बाईचे हात झाकलेले. जेवणाच्या टेबलाशी बसलं की मात्र हातमोजे काढून मांडीवर ठेवायचे आणि वर रुमाल पसरायचा. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या घालायला लागले. म्हणजे हॅरिएट दिवसभर सुरक्षित आहे! समाजाची रीतच तिचं चिलखत आहे. आणि दिवसातून एकदाच, सगळ्यांच्या देखत, तिला ते उतरवावं लागतं, आणि समोर काय? चांदी. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात वापरलेले काटे-चमचे, मुठीवर घराण्याचं चिन्ह, शंभर वर्षांत त्यांना धरलेले शेकडो हात.

ते जेवण मी अकरा वेळा लिहिलं. शेवटच्या मसुद्यात ती फक्त सुरीला हात लावते. यजमानांच्या आजोबांनी तीच सुरी धरून, एका मुलाला घरात घेणार नाही असं सांगितलेलं असतं. हॅरिएटच्या मनगटात बारीक कळ येते आणि ती सुरी ताटाच्या कडेला इतकी हळू ठेवते की आवाज होत नाही. मग ती पाव खाते, कारण पाव आजचाच असतो. सारं टेबल समजतं की मुलगी नाजूक आहे, तिला भूक नसते.

त्या ‘कळ’ शब्दानं मला मोठी वाट दाखवली. हॅरिएटकडे जे आहे त्याला मराठीत म्हणायचं काय, हा प्रश्न वर्षभर अडून बसला होता. ‘अतींद्रिय शक्ती’ लिहिलं की ते मासिकातल्या लेखासारखं होतं. ‘सिद्धी’ म्हटलं की तिनं तप केलेलं असायला हवं. ‘संचार’, ‘अंगात येणं’ यांना आपल्याकडचा ढोल आणि घुमणं चिकटलेलं. ‘चेटूक’ तर शत्रूच्या तोंडचा शब्द. ‘प्लँचेट’ मराठी घरांत ओळखीचं आहे, पण ती पाटी आणि वाटी, ते माणसाचं अंग नव्हे. मग आत्याचंच वाक्य आठवलं. कळलं की. बोलले नाही. ती कधी ‘मला दिसलं’ म्हणाली नव्हती, ‘कळलं’ म्हणाली होती. आपल्या भाषेत कळणं आणि कळ एकमेकांना खेटून उभी आहेत. जे कळतं ते कळ देऊन येतं. त्यानंतर मी कादंबरीतला एकेक जड शब्द शोधून काढून टाकला. हॅरिएटला कळतं. बस.

मधल्या काळात मी एक प्रेमकथा वाचली, कागदपत्रांतली, घडलेली, आणि तिनं मला माझ्या कामाबद्दल फार गंभीर केलं. आर्थर बाल्फोर आपल्याला शाळेत भेटतो तो पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या मायभूमीबद्दलच्या १९१७ च्या जाहीरनाम्यापुरता. त्याआधी, १९०२ ते १९०५, तो ब्रिटनचा पंतप्रधान होता. लॉर्ड सॉल्सबरीचा भाचा. तरुणपणी त्याचं मन मेरी लिटलटन या बॅरनच्या मुलीवर बसलं होतं. १८७५ च्या मार्चमध्ये, पाम संडेच्या दिवशी, ती तापानं गेली. त्यानं आपल्या आईची पाचूची अंगठी तिच्याबरोबर पुरायला दिली. जन्मभर लग्न केलं नाही. सायकिकल रिसर्चच्या सोसायटीचा तो १८९३ मध्ये अध्यक्ष झाला. त्याची बहीण एलिनॉर त्या कामातली सर्वांत काटेकोर संशोधक.

पुढे १९०१ नंतर, एकमेकींपासून दूर राहणाऱ्या काही बायकांच्या आपोआप लिहिण्यात तुकड्यातुकड्यांनी काही खुणा येऊ लागल्या. पाम, म्हणजे ताडाची फांदी. केसांची बट. मेणबत्ती हाती धरलेली मुलगी. वर्षानुवर्षं ते कागद जमवून ताडून पाहणाऱ्यांनी अर्थ लावला की मेरी आपल्या माणसाला निरोप पाठवते आहे. तोवर बाल्फोर म्हातारा झाला होता. त्याला ते सांगितलं गेलं. १९३० मध्ये तो गेला. जगाला ही हकिकत कळली १९६० मध्ये, त्याच्याच घराण्यातल्या काउंटेसनं ती प्रसिद्ध केली तेव्हा.

ते निरोप खरंच मेरीचे होते का, यात मी शिरत नाही. मला हलवून गेला तो काळ. पंचावन्न वर्षं एका माणसानं एक दुःख सांभाळलं, आणि देशाचा कारभार हाकताना त्याचा उच्चार केला नाही. आणि दुसऱ्या टोकाला त्या बायका, घरातलं आवरून टेबलाशी बसून, आपल्या हाताला वाटेल ते लिहू देणाऱ्या. त्यांतली एक होती ॲलिस फ्लेमिंग. माहेरची किपलिंग, रडयार्डची धाकटी बहीण, घरात ट्रिक्स म्हणायचे. तिचं अगदी लहानपण आपल्या मुंबईत गेलं, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. १९०३ मध्ये, नवऱ्याच्या नोकरीपायी हिंदुस्थानात राहत असताना, तिच्या हातून जे कागद लिहिले गेले त्यांत एकावर केंब्रिजचा एक पत्ता उमटला, त्याच लेखनातल्या दुसऱ्या बाईच्या घराचा. त्या घरी ती कधी गेलेली नव्हती. घरच्यांना हे आवडणार नाही म्हणून तिनं ‘मिसेस हॉलंड’ हे नाव घेतलं. त्याच्या काही वर्षं आधी तिला मानसिक आजारही झालेला होता, आणि पुढे तो पुन्हा उलटला. मी जे. जे.च्या आवारात जाऊन त्या झाडांखाली उभी राहिले. जॉर्जिना, लुईसा, ट्रिक्स. तिघींनाही कुणीतरी कधीतरी विचारलेलं असणार, तुला बरं नाही का?

आणि हे वरच्या थरातलं झालं. खालच्या थरात ही देणगी थेट तुरुंगात नेत होती. भविष्य सांगणाऱ्यांना १८२४ च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यानं पकडत. त्याच कायद्याखाली १८७६ मध्ये हेन्री स्लेड या माध्यमाला, म्हणजे गेलेल्यांशी संवाद घडवतो असं सांगणाऱ्या माणसाला, तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. अपिलात ती तांत्रिक मुद्द्यावर सुटली, एवढंच. उलट डी. डी. होम नावाच्या माध्यमाबद्दल लॉर्ड ॲडेअर आणि लॉर्ड लिंडसे यांनी लिहून दिलं की १८६८ मध्ये तो एका खिडकीतून बाहेर तरंगत जाऊन दुसऱ्या खिडकीतून आत आला. त्याच साली त्याच माणसाला, एका विधवेनं दिलेले साठ हजार पौंड परत करा, असा कोर्टाचा हुकूमही झाला. दिवाणखान्यात जे कौतुक, ते रस्त्यावर गुन्हा. हॅरिएटची एक मोलकरीण मी या एका गोष्टीसाठी कादंबरीत आणली. तिच्या आईला पत्ते पाहून भविष्य सांगितल्याबद्दल शिक्षा झालेली आहे, म्हणून मालकिणीचं गुपित ओळखूनही ती गप्प राहते.

मग उरला नायक. एडमंड, एका मार्क्विसचा धाकटा मुलगा, वकिली करणारा. धाकट्या मुलाला नावापुढे ‘लॉर्ड’ मिळतं, इस्टेट मिळत नाही. इस्टेटी पिढ्यान्‌पिढ्या करारात बांधून ठेवलेल्या, थोरल्याकडून थोरल्याकडे. हॅरिएटला आजोबांच्या मोहरेच्या अंगठीवरून कळतं की त्यांचं एक आधीचं लग्न झालेलं होतं. तसं असेल तर वारसा दुसरीकडे जातो. तिच्या काकांना हे परवडणारं नाही, आणि तिला गप्प करायचा सगळ्यात सोपा मार्ग त्यांना ठाऊक आहे. दोन दाखले, एक सही.

तिला कळलं ते कोर्टात चालत नाही. लग्नाचा पुरावा एकच, चर्चची नोंदवही. १७५३ च्या कायद्यानं चर्चमधलं प्रत्येक लग्न नोंदवहीत, साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहिणं बंधनकारक केलं होतं. ती वही कुठल्या गावात आहे हे तिलाही ठाऊक नाही. तिला फक्त पाण्याचा आवाज आणि ओल्या लोकरीचा वास कळलेला आहे. एडमंड तेवढ्यावर निघतो. हाच माझ्या प्रेमकथेचा गाभा. पुरावा सापडल्यावर त्यानं विश्वास ठेवला असता, तर मला त्याच्याशी तिचं लग्न लावायचं नव्हतं. तो आधी निघतो. नदीकाठच्या तीन गावांतल्या लोकरीच्या बाजारांजवळची चर्चेस पालथी घालतो, आणि दोन ठिकाणी त्याला काहीच मिळत नाही. ती दोन रिकामी गावं मला एका वाचक मैत्रिणीनं गाळायला सांगितली होती. मी गाळली नाहीत.

लग्नाचं प्रकरण मी संध्याकाळचं रंगवलं होतं. मेणबत्त्या, खिडकीच्या रंगीत काचांतून येणारं शेवटचं ऊन. छापायला देण्याआधी महिनाभर मला कळलं की १८८६ पर्यंत इंग्लंडात लग्न सकाळी आठ ते दुपारी बारा यातच लागत असे. कँटरबरीच्या आर्चबिशपकडून खास परवाना काढला तरच वेळेचं आणि जागेचं बंधन सुटायचं. एडमंडसारख्याला तो मिळालाही असता. पण मी ऊन बदललं. सकाळचं कोवळं ऊन, आणि आदल्या रात्रीच्या पावसानं ओली शाल.

आता संवादांविषयी, कारण तिथेच मी सर्वांत जास्त झगडले. बटलर ‘माय लॉर्ड’ म्हणतो. ते ‘सरकार’ केलं की डोळ्यांपुढे फेटा येतो. म्हणून ‘माय लॉर्ड’, ‘युवर ग्रेस’ तसंच ठेवलं, नोकरांना ‘आपण’ दिलं. खरा पेच दोघांचा होता. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. तिथे जवळीक दाखवायला ‘लेडी हॅरिएट’वरून नुसत्या ‘हॅरिएट’वर यावं लागतं. आपल्याकडे ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांच्यामध्ये अख्खा उंबरठा आहे. पहिल्यांदा मी सवयीनं एडमंडला ‘तू’ म्हणू दिलं आणि हॅरिएटला ‘तुम्ही’वर ठेवलं. वाचून पाहिलं तर खोलीत माझ्या आईवडिलांची पिढी येऊन बसलेली! तो ‘अगं’, ती ‘अहो’. ज्या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायची ही गोष्ट, तिचा शब्द मी भाषेतच खालच्या पायरीवर ठेवत होते.

म्हणून पंचवीस प्रकरणं दोघं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात. भांडतानाही. सव्विसाव्यात एडमंड नोंदवहीच्या पानाची नक्कल घेऊन परत येतो, अंगावर प्रवासाची धूळ. हॅरिएट डाव्या हाताचं मोजं काढते, एकेक बोट सोडवत, आणि त्याच्या हातातल्या कागदाकडे न बघता त्याचा हात धरते. तिला ती दोन रिकामी गावं कळतात. दुसऱ्या गावातून निघताना तो किती थकला होता, आणि तरीही परत फिरायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं, ते कळतं. आणि या एका वेळेला कळ येत नाही. ती म्हणते, "तू जेवला नाहीस."

हे वाक्य यायला मला अडीच वर्षं लागली, असं म्हटलं तरी चालेल.

छापील प्रत आली ती मी स्वतः सांगलीला घेऊन गेले. आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, म्हणून मीच वाचून दाखवली. रोज दुपारी दोन प्रकरणं. सव्विसाव्याला ती काही बोलली नाही, नुसती उशीला टेकून बसून राहिली. सगळं संपल्यावर मी शेवटची टिपणं वाचली, ज्यांत मी त्या खऱ्या बायकांबद्दल थोडं लिहिलंय.

"त्या सपातांतल्या बाईला," आत्या म्हणाली, "मदतीला आली ती कोण म्हणालीस?"

"लुईसा लो."

तिनं उशाखालची वही काढायला सांगितली. तीत ती दूधवाल्याचा हिशेब आणि औषधांच्या वेळा लिहिते. "लिहून ठेव," म्हणाली. "मोठ्या अक्षरात."